अंगठ्यांनी बोलणारी बाई

ताकाओका,
डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय शूहेई,

पत्र बघून दचकू नकोस, तुझी आई ठीक आहे. हे आधीच लिहून टाकलं, कारण म्हाताऱ्या बाईचं जाडजूड पाकीट आलं की लोक पहिल्यांदा शेवटचं पान उलटून बघतात. तू तसं करू नकोस. सप्पोरोत आता गुडघाभर बर्फ असेल, कुठं जायची घाई नसेलच, तेव्हा हीटरजवळ बस आणि क्रमानं वाच. तीनेक आठवड्यांपूर्वी मी वृद्धाश्रमात गेले तेव्हा मुख्य परिचारिका ओत्सुबोबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, मुलानं फोनवर होकार दिलाय, वर्ष संपायच्या आत हिरोसेबाईंना, म्हणजे तुझ्या आईला, वरच्या मजल्यावर हलवायचंय. वरचा मजला म्हणजे तो, जिथलं दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही. आईला काही कळेनासं झालंय, विचारलेल्याचं उत्तर देत नाही, कीबोर्डवर वेडंवाकडं बडवत बसते, एकदा तर तो उचलून भिरकावला, म्हणून. शूहेई, त्यावर मला तुला काही सांगायचंय. फोनवर सांगणार होते, पण फोनवर तू 'हो मावशी, बरं मावशी' करतोस आणि माझं अर्धं बोलणं घशातच राहतं.

जरा मागं जाऊन सांगते, कंटाळू नकोस. हिराकीसाहेबांच्या कचेरीत आम्ही दोघी शेजारी शेजारी बसायचो हे तुला आठवत असेल. नगरसभेच्या टेपा यायच्या आणि आम्ही त्या ऐकून इतिवृत्त टाइप करायचो. तुझी आई माझ्या उजव्या हाताला. काय बाई होती! टेपवर नुसता खोकला ऐकून कुठला सदस्य बोलायला उठला ते सांगायची. मी नवीन होते तेव्हा मला म्हणाली होती, 'फुसा, तू टाइप करतेस की मुळा किसतेस?' मी दोन दिवस रुसले होते. आमची टाइप करायची पद्धत अंगठ्याची. आपली अक्षरं ढीगभर, बटणं मूठभर, म्हणून एकेका बटणावर दोन अक्षरं बसवलेली. नुसतं दाबलं की खालचं उमटायचं, सोबत अंगठ्याखालचं बटण दाबलं की वरचं. जगाचे अंगठे मधल्या लांब पट्टीवर आराम करतात, आमचे सगळ्यात जास्त राबायचे. तुझ्या आईला तर दुसरा इलाजच नव्हता. तरुणपणी लघुलिपी करता करता तिच्या हाताला ते दुखणं लागलं, पेन धरलं की बोटं वळून जायची. चमचा धरता येई, सुई धरता येई, पेन मात्र नाही. त्यामुळं बोलायचं ते तोंडानं आणि लिहायचं ते अंगठ्यांनी, असा तिचा सगळा संसार.

पुढं अंगठ्याचे कीबोर्ड निघायचे बंद झाले. कुणाला लागणार? शाळेतली पोरं रोमन अक्षरं बडवायला शिकली. मग मी ती कला शिकून घेतली. साधा कीबोर्ड आणायचा, त्यातल्या मधल्या पट्टीच्या डावी-उजवीकडच्या दोन फालतू बटणांना अंगठ्याचं काम नेमून द्यायचं आणि बाकीच्या एकेका बटणाला त्याचं नवं अक्षर शिकवायचं. वरचं छापलेलं काहीही असो, आत आपलं राज्य. कचेरी बंद पडल्यावरही तुझ्या आईकडं नवीन कॉम्प्युटर आला की फोन यायचा, 'फुसा, ये गं, याला माणसात आण.' मी ट्राम पकडून जायची, बटणं बदलून द्यायची आणि जेवून यायची. तुला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. तू घरी यायचास तेव्हा आईचा कॉम्प्युटर चालू असायचा आणि आई धडाधड टाइप करत असायची, एवढंच तुला दिसायचं.

माझ्या घरचाही तसाच आहे. गेल्या नववर्षाला माझा भाचा आला होता, त्यानं ट्रेनची वेळ बघायला म्हणून दोन शब्द टाइप केले आणि ओरडला, 'मावशी, याला भूतबाधा झालीय!' पडद्यावर भलतीच अक्षरं. मी हसले आणि त्याच्यासाठी बटणं पूर्वीसारखी करून दिली. तो गेल्यावर परत माझी मांडून घेतली. त्या दिवशी मला पहिल्यांदा चरकल्यासारखं झालं. या गावात माझ्या घरात येऊन माझ्या कॉम्प्युटरवर सरळ लिहू शकेल असं तुझी आई सोडून कुणीच उरलं नव्हतं. आता मशीनच टेपा ऐकतं आणि मशीनच लिहितं, माझ्याकडं येतं ते कुणाच्या तरी आजोबांच्या आठवणींचं रेकॉर्डिंग, तेही क्वचित. दिवसचे दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. रेडिओ लावते. भाजीवाल्याशी गरज नसताना बोलते.

असो. वसंतात आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, कायमचा. डोळ्यांच्या मधोमध धुकं तर आधीपासूनच होतं, कडेकडेचं दिसायचं पण समोरचं अक्षर नाही. तू धावत आलास, सगळं केलंस, वृद्धाश्रमातली खोली बघितलीस. आणि तिला बोलता यावं म्हणून नवा कोरा कॉम्प्युटर आणून त्याचा हलका, सुटा कीबोर्ड तिच्या मांडीवर ठेवलास. तुझ्यासारखं किती मुलांना सुचतं? मी त्याच दिवसांत गुडघ्याचं ऑपरेशन करून पडले होते. मला वाटलं, शूहेईनं घरचाच आणला असेल, मी मांडून दिलेला. तिला वाटलं, नवीन असला तरी फुसानं मांडून दिला असणार, नेहमी देतेच. आणि तुला या कशातलं काहीच माहीत नव्हतं. यात कुणाची चूक आहे ते मी बरेच दिवस शोधलं. सापडली नाही.

मी काठी टेकत पहिल्यांदा भेटायला गेले तोवर पावसाळा सरून कडक ऊन पडलं होतं. सगळे मला आधीच सांगून मोकळे झाले होते की डोकं गेलंय, हिरोसेबाई पूर्वीच्या राहिल्या नाहीत. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी हात धरला तर सोडवून घेतला. मी गावच्या बातम्या सांगितल्या, तिनं मान हलवली नाही की डोळे वळवले नाहीत. कीबोर्ड उशीपाशी बंद पडलेला. मी घरी आले आणि पायातले मोजेही न काढता तशीच बसून राहिले. माझं शेवटचं माणूस गेलं असं मनाशी धरलं. पुढं जायची तेव्हा तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायची, 'शहाणी ना तू, खाऊन घे बरं.' ती घास थुंकायची. ऑगस्टमध्ये तू येऊन गेलास आणि बाहेरच्या बाकावर बसून रडलास, तेही मला ओत्सुबोबाईंनी सांगितलं. तेव्हा मी पण रडले.

आता तो दिवस सांगते. ओत्सुबोबाईंनी वरच्या मजल्याचं सांगितलं, त्यानंतरच्या आठवड्यातली दुपार. मी पिकलेली तांबडी पर्सिमॉनची फळं नेली होती, चमच्यानं भरवता येतात अशी मऊ. समोरची खुर्ची दुसऱ्या कुणी नेलेली, म्हणून मी पलंगाच्या कडेला, तिच्या डाव्या बाजूला टेकले. नेहमी मी समोर बसायची. तेवढ्यात तिनं काय मनात आलं कुणास ठाऊक, कीबोर्ड ओढला आणि टाइप करायला लागली. चिडून, खाडखाड. मी पडद्याकडं बघितलं, कचरा. अर्धी अक्षरं, अर्धी चिन्हं, मध्येच दोन टिंबांच्या रांगाच्या रांगा. मला बघवेना म्हणून मान खाली घातली, तर मला तिचे हात दिसले. शूहेई, तिचे अंगठे काम करत होते. दोन्ही. डावा, उजवा, उजवा, डावा, बोटांच्या बरोबर ठेक्यात. वेड लागलेल्या माणसाचे हात असे चालत नाहीत. आणि मध्येमध्ये तिची उजवी करंगळी त्या दोन टिंबांच्या बटणावर टकटक करत होती. आमच्या जुन्या कीबोर्डवर तिथं खोडायचं बटण असायचं. बाई चुकलेलं खोडत होती रे! प्रत्येक वेळी ती खोडायला जायची आणि पडद्यावर आणखी दोन टिंबं वाढायची. लोक म्हणत होते, बघा, एकच चिन्ह वेड्यासारखं दाबत बसते.

माझ्या हातातलं पर्सिमॉन चादरीवर पडलं. मी तिच्या हातांवर हात ठेवले आणि म्हणाले, 'इकुयोताई, थांब. याची बटणं कुणी बदललेलीच नाहीत.' ती थांबली. कितीतरी महिन्यांनी तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. मी तिथंच पलंगावर बसून ओत्सुबोबाईंकडून पासवर्ड घेतला आणि एकेका बटणाला त्याचं काम नेमून द्यायला लागले. उजव्या अंगठ्याचं बटण नव्या कीबोर्डवर जरा लांब पडतं, तिला चाचपून कळावं म्हणून खोडरबराची चकती कापून चिकटवली. दोनदा चुकीचं अक्षर चुकीच्या जागी बसलं. सगळं झाल्यावर तिची बोटं नेऊन जागेवर ठेवली आणि म्हटलं, 'बोल.'

तिनं पहिलं वाक्य लिहिलं ते असं: 'या खिडकीच्या पडद्याची फट बंद करा, रोज सकाळी ऊन डोळ्यात जातं, किती महिने सांगतेय, सगळे बहिरे आहात का?' ओत्सुबोबाई मागं उभ्या राहून वाचत होत्या. त्या गेल्या आणि खिडकीचा पडदा नीट ओढला. मग तिनं दुसरं वाक्य लिहिलं. 'फुसा, तू पण वाचत नव्हतीस?' तिला कॉम्प्युटरचा पडदा दिसत नव्हता ना. तिला वाटत होतं आपण लिहितोय ते सगळे वाचतायत. आपण ऊन लागतं म्हणतोय आणि ही माणसं डोक्यावरून हात फिरवतायत. आपण सविस्तर चार ओळींत उत्तर देतोय आणि ही म्हणतायत 'हो असेल तर मान हलवा बरं'. म्हणून तिनं मान हलवणं सोडून दिलं. म्हणून मग एके दिवशी कीबोर्डच भिरकावला. मी असते तर त्याच्या कितीतरी आधी भिरकावला असता. इतके महिने ती माणसांनी भरलेल्या त्या घरात बोलत होती आणि कुणीच ऐकत नव्हतं.

आता मात्र तोंड उघडलंय म्हणजे काय विचारू नकोस. मिसोचं सूप पाणचट आहे. पलीकडची म्हातारी झोपेत नवऱ्याला शिव्या देते आणि जागेपणी त्याचं कौतुक करते. ओत्सुबोबाईंच्या पावडरचा वास त्यांच्या आधी खोलीत येतो. ओत्सुबोबाईंनी हे स्वतः मोठ्यानं वाचलं आणि इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पावडर न लावता आल्या, तर आई लिहिते, 'आता ही आली कधी आणि गेली कधी ते कळणार कसं?' डॉक्टर येऊन तासभर बसले. त्यांनी विचारलं, तिनं लिहिलं, मी वाचून दाखवलं. जाताना म्हणाले, बाईंचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय. वरच्या मजल्याची आता गरज नाही. पण खालची तिची खोली दुसऱ्या कुणाला देऊन झालीय, वर्षअखेरीला ते गृहस्थ सामान घेऊन येणार. दुसरी खोली वसंतापर्यंत रिकामी होत नाही. ओत्सुबोबाईंनी खूप हातपाय मारले, पण नाही जमलं. तेव्हा आता एकतर वर, आकड्यांच्या दाराआड, किंवा बाहेर.

तुझ्याबद्दल विचारलं मी तिला. ऑगस्टमध्ये शूहेई आला होता तेव्हा तू काय लिहीत होतीस? तिनं लगेच लिहिलं, 'जेवलास का विचारलं. आवाज बारीक झालाय, कामाचा ताण घेतोयस का विचारलं. नातीला सायकल यायला लागली का विचारलं. तो उठून बाहेर गेला.' मी तिला सांगितलं की तो का उठून गेला. तिनं लिहिलं, 'तो लहानपणीही बाहेर जाऊनच रडायचा.' हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही रे बाळा. तू विचारलं नसलंस तरी ती तुला विचारत होती, एवढंच तुला कळावं.

आता मुद्द्याचं. मी तिला माझ्याकडं राहायला बोलावलं. माझं घर तळमजल्यावर आहे, गुडघ्यामुळं न्हाणीघरात धरायला दांडे लावून घेतलेलेच आहेत, मागची खोली रिकामी आहे. परिचारिका रोज येऊन गळ्याची काळजी घेऊन जाईल, तेही विचारून ठेवलंय. खरं सांगू? विचारायच्या आधीच मी खोली आवरली, गादीला ऊन दाखवलं, तिला आवडतो तसा खोल वाडगा आणला. मला खात्री होती. मी मनातल्या मनात सकाळी उठून तिच्याशी भांडायला सुद्धा लागले होते. आणि तिनं काय लिहिलं माहितेय? 'आधी शूहेईला विचार. तो ये म्हणाला तर मी तिकडं जाईन. नाही म्हणाला तर तुझ्याकडं. पण मी असं म्हटलं हे त्याला सांगू नकोस, त्याला भीड पडेल.' मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, घरी येऊन तो वाडगा फडताळात मागं सारून ठेवला. पण आई आहे ती. तिला आधी तूच आठवणार.

तिनं सांगू नको म्हटलं तरी मी सांगितलंय, कारण लपवलं असतं तर ती निमूट माझ्याकडं आली असती आणि मला ती हवी आहे, फार हवी आहे, म्हणून लपवायचा मोह मला अजूनही होतोय. पत्र पेटीत पडेपर्यंत माझा भरवसा धरू नकोस. तुझं घर लहान आहे, बायको नोकरी करते, मुलगी शाळेत जाते, सगळं मला ठाऊक आहे. तू नाही म्हणालास तर मी तुला एका शब्दानं बोलणार नाही, उलट नाचेन. पण जे काही असेल ते मला सांगू नकोस, तिला सांग. तिचे कान अजून शाबूत आहेत. रविवारी दुपारी मी तिच्यापाशी असते, तेव्हा फोन कर. तू बोल, ती टाइप करेल, मी तुला वाचून दाखवीन. 'तुझ्याकडं येते' असं तिनं लिहिलं तर तेही वाचीन. माझा आवाज जरा हलला, तर तू आपलं बोलत राहा.

रागीट, तरीही तुझीच,
फुसाए मावशी